नांगर विकत घ्यायची पाळी का आली?



महागाई डोंबिवलीच्या नोकरदाराला पण आहे. पण त्याला महागाई भत्ता मिळतो. आपल्याला कुठला भत्ता?

माझा आजा नांगर विकत घेत नव्हता. ऐनाचं, खैराचं लाकूड जंगलातलं, घडवणारा तोच. फाळ तेवढा लोहाराचा, त्याला खळ्यावर भात द्यायचा. रोकड लागतच नव्हती. आज ते लाकूड तोडलं तर गुन्हा, कोयती पण जप्त. मग नांगर विकत, कोयती कल्याणच्या बाजारातून विकत, बैल भाड्याने. भाडं भातातच फेडायचं, घरात काय येणार?

सोसायटीत कर्ज मागा, सातबारा मागतात. एकसाली प्लॉट कसतो आपण, नाव सरकारचं. मग शेठ, आणि दिवाळीनंतर बयाणा घेऊन वीटभट्टी.

1945 ला टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, त्याच साली वारली लोकांनी वेठ मोडली, बारा आणे रोज मागितला. रोज आपणही मागू. पण फाळाचा भाव रोजाच्या पुढेच पळतो.

म्हणून सांगतो, प्लॉटच्या दंडाची जुनी पावती चुलीत घालू नका. 13 डिसेंबर 2005 च्या आधीची असेल तर जास्तच जपा. तुम्ही तेव्हा कसत होता, हे सरकारनेच लिहून दिलंय. सोमवारी मोर्चाला येताना ती सोबत आणा.