शहाणं मूल



संयोजकांनी ‘मुलांचं आरोग्य’ असा विषय दिलाय. पण खोकला, ताप आणि लसी यांवर तुम्ही मला एरवीही फोन करताच, म्हणून आज दुसरंच सांगते.

मी बालरोग विभागात शिकाऊ डॉक्टर होते तेव्हा चार वर्षांचा एक मुलगा पाय मोडून दाखल झाला. घरी तान्हं बाळ, त्यामुळे आईला थांबता येईना. पहिले दोन दिवस त्यानं रडून वॉर्ड डोक्यावर घेतला. तिसऱ्या दिवशी गप्प. दिलेलं खायचा, सुई टोचली तरी हूं नाही की चूं नाही. आम्ही म्हणालो, “किती शहाणा झालाय!” आठवड्यानं आई आली, तर त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला रडू कोसळलं. मी तिला म्हणाले, “रुळलाय तो आता. उगीच येऊन त्याला बिथरवू नका.”

ते वाक्य अजून बोचतं.

पुढे अभ्यासात जेम्स रॉबर्टसन यांचं काम वाचनात आलं. दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड यांनी लंडनमध्ये मुलांसाठी काढलेल्या पाळणाघरात हे गृहस्थ बॉयलर सांभाळायचे आणि मुलांकडे बघत बघत संशोधक झाले. त्या काळी तिथल्या रुग्णालयांत आईबापांना भेटीची वेळ अगदी तुटपुंजी असे. १९५२ साली रॉबर्टसन यांनी लॉरा नावाच्या अडीच वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. बेंबीच्या हर्नियाचं साधं ऑपरेशन, आठ दिवसांचा मुक्काम. लॉरा फारशी रडत नाही. ओठ आवळून धरते आणि मधूनच आईची आठवण काढते. डॉक्टरांना तो दाखवला तेव्हा अनेकजण रॉबर्टसनवरच चिडले. मीही चिडले असते.

रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी सांगितलं की मूल आधी आकांत करतं, मग निराश होतं आणि शेवटी मनानं तुटतं. आम्ही ज्याला शहाणपण म्हणत होतो, ते हे होतं. १९५९ साली ब्रिटनच्या प्लॅट समितीनं आईबापांना मोकळेपणी भेटू द्या, लहानग्यांच्या आईला सोबत राहू द्या, अशी शिफारस केली.

आता माझ्याकडे सलाईन लावताना मूल आईच्या मांडीवरच असतं. आईला बाहेर जावंच लागलं तर ‘जाते, अमक्या वेळेला येते’ असं मुलाला सांगून जा म्हणते. नजर चुकवून पळायचं नाही. आजीआजोबा झालेल्यांनी हे सुनेला सांगण्याआधी स्वतः पाळावं.

आणि एक राहिलं. आपण पाचवीत होतो तेव्हा माझी आई चार महिने दवाखान्यात होती. मी मावशीकडे राहायचे. रडत नव्हते, गृहपाठ पुरा असायचा. सगळे म्हणायचे, पोर किती समजूतदार! एकट्या बाईंनी ते खरं मानलं नाही. खडूंचा डबा आणायला रोज मलाच पाठवायच्या आणि मधल्या सुट्टीत विचारायच्या, “आज डब्यात काय?” मी “काही नाही” म्हटलं तरी तिथेच उभ्या राहायच्या. एके दिवशी मी त्यांच्या पदरात तोंड खुपसून रडले. तेव्हा घंटा झाली, तरी त्या वर्गावर गेल्या नाहीत.

बाई, तुम्ही पुढच्याच रांगेत बसला आहात. आज जेवायला मी तुमच्या शेजारी बसणार आहे. पानात काय वाढलंय, तेवढं विचारा.