भूकंपमापकाची लेखणी



पेडणे तालुक्यातील हळर्णचा किल्ला शापोरा नदीच्या उत्तर तीरावर आहे. सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला आणि घेणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे पोर्तुगालच्या राजाने 'हळर्णचा मार्केस' अशी पदवी दिली. पेडण्यातील एका खेड्याचे नाव अशा रीतीने लिस्बनच्या दरबारी पोहोचले. त्यानंतर फार वर्षे लोटली नाहीत तोच, १ नोव्हेंबर १७५५ रोजी, लिस्बन शहर भूकंपाने, समुद्राच्या लाटांनी आणि आगीने उद्ध्वस्त झाले. भूकंप नोंदविणारे यंत्र त्या काळी तेथे नव्हते. पुढे पोंबालचा मार्केस म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने गावोगावच्या धर्मगुरूंकडे एक प्रश्नावली धाडली: हादरा किती वेळ टिकला, जोर कोणत्या दिशेने अधिक वाटला, समुद्र आधी चढला की ओसरला, माणसे किती दगावली. उत्तरे पिसाच्या लेखणीने लिहिली गेली, आणि त्यांपैकी पुष्कळशी लिस्बनच्या दप्तरखान्यात आजही आहेत.

आजचे व्याख्यान त्या पिसाच्या एका दूरच्या वारसाविषयी आहे. भूकंपमापकाच्या फिरत्या नळकांड्यावर, ज्याला वेधशाळेत ड्रम असेच म्हणतात, रात्रंदिवस रेघ ओढणारा शाईचा टाक, आणि तो बंद पडला की हाताशी असेल त्या सामानातून दुसरा कसा करावा, हा तो विषय. ग्रंथालयाच्या व्यासपीठावर तो किरकोळ वाटेल. परंतु ज्यांचा जन्म कागद, शाई आणि कसर यांच्या संगतीत गेला, त्यांना तो परका वाटू नये.

ड्रमचा परीघ साधारण ९० सेंटिमीटर. मिनिटाला ६० मिलिमीटर या गतीने तो १५ मिनिटांत एक फेरा पुरा करतो आणि फिरता फिरता हळूच बाजूला सरकतो. त्यामुळे एकाच कागदावर दिवसाच्या ९६ रेघा शेजारी शेजारी उमटतात. सलग मोजली तर ही रेघ ८६ मीटर भरते. जमीन स्वस्थ असताना ती सरळ जाते, हादरा आला की थरथरते, आणि दर मिनिटाला घड्याळ तिला एक बारीक खूण करते.

ही रेघ उमटविण्याचे तीन मार्ग होते. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिल्न यांचे यंत्र बसले, ते प्रकाशाने लिहिणारे होते. १९६० नंतर जगभर सुमारे १२० ठिकाणी एकाच धर्तीची यंत्रे बसविली गेली. पुण्यालाही त्यांतले एक आले, आणि तेही प्रकाशानेच लिही. प्रकाशाला वजन नाही, म्हणून ही लेखणी सर्वांत प्रामाणिक. पण कागद अंधाऱ्या खोलीत धुतल्याखेरीज तिचे अक्षर दिसत नाही. दुसरा मार्ग काजळीचा. रॉकेलच्या ज्योतीवर कागद काळा करावयाचा, सुईने त्यावर ओरखडा काढावयाचा आणि स्पिरिटात विरघळविलेल्या लाखेने तो पक्का करावयाचा. हात काळे होतात, पण घर्षण अत्यल्प. तिसरा मार्ग शाईचा. हादरा चालू असतानाच तो वाचता येतो, आणि काळजीत पडलेल्या अधिकाऱ्याला धरणाखाली काय चालले आहे हे त्याच क्षणी हवे असते.

शाईचा मूळ टाक म्हणजे केसासारखी बारीक नळी. १८६७ साली विल्यम टॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, समुद्राखालील तारेचे संदेश टिपण्यासाठी काचेची अशीच वाकडी नळी योजिली होती. ही नळी फुटली, किंवा आतल्या शाईचा खडा झाला, आणि यंत्र बनविणाऱ्या कंपनीने ते भाग केव्हाच बंद केलेले असले, की वेधशाळेतील माणसाची नजर दवाखान्याच्या कपाटाकडे वळते. इंजेक्शनची बारीक सुई हा टाकाचा सर्वांत सोयीचा पर्याय. तिचे तिरके टोक बारीक दगडावर घासून सपाट करावे आणि कडा गोल कराव्यात, नाहीतर ती कागद नांगरते. मागे प्लॅस्टिकची मऊ नळी जोडून तिचे दुसरे टोक शाईच्या बाटलीत सोडावे आणि पिचकारीने एकदा शाई ओढून घ्यावी. पुढचे काम ती आपोआप करते. बाटली टोकापेक्षा उंच ठेवली तर कागदावर थेंब बसतो, फार खाली ठेवली तर धार तुटते. सारी कला त्या दोन-तीन सेंटिमीटरांत आहे. सुई तुंबलीच तर सतारीच्या चिकारीची तार आत घालून साफ करता येते.

बॉलपेनची कांडी लावण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तो प्रत्येकाला फसवितो. त्या गोळीला फिरण्यासाठी दाब लागतो, आणि तो दाब बारीक हादरे गिळून टाकतो. रेघ सुबक येते. तिच्यात भूकंप नसतो. धाग्याच्या टोकाचे पेन कापून बसविणे त्याहून बरे, परंतु ते टोक लवकर झिजून रेघ जाड होते.

शाईची कथा याहून लांबलचक आहे. दौतीची साधी शाई उन्हाळ्यात सुईच्या तोंडाशी वाळते, म्हणून तिच्यात ग्लिसरीनचे थेंब घालतात. हवामानखात्याच्या तापमानलेखकात तशीच न वाळणारी शाई असते, आणि आठवडाभर रांगणाऱ्या त्या टाकाला ती मानवतेही. पण ग्लिसरीन हवेतील दमट ओढून घेते. कोकणगोव्याच्या आषाढात असा कागद दिवसभर ओला राहतो, बोट लागताच रेघ पुसते, आणि आधीच ओलावलेल्या कागदावर ती फुटते. म्हणून प्रमाण ऋतूनुसार बदलावे लागते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आणि बोरू, कागद, शाई यांची निवड कशी करावी हे त्यात सांगितले. वेधशाळेतील लिपिकाला तो समास मुळीच जुना वाटला नसता. एका बाबतीत मात्र पोथीकार सुखी होते. त्यांची काजळीची शाई शतके टिकते, पण तिचे कण सुईत अडकतात. सुईतून सुखाने वाहणारी रंगाची शाई उजेडात फिकी पडते. वाहणारी शाई हवी की टिकणारी, हा पेच कोणालाच पूर्णपणे सुटला नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. टाक स्तब्ध असतो तेव्हा शाई भरपूर उतरते. तो वेगाने झुलू लागला की तितकीच शाई लांब रेघेवर पसरते आणि रेघ विरळ होत होत दिसेनाशी होते. म्हणजे शांत दिवसाची नोंद ठसठशीत येते, आणि ज्या क्षणासाठी यंत्र बसविले तोच फिका उमटतो.

याची किंमत कळण्यासाठी कोयनेकडे जावे लागते. शिवाजीसागरात १९६२ साली पाणी साठू लागले आणि परिसरात लहान हादरे जाणवू लागले. पुढच्या वर्षी तेथे भूकंपमापक बसू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ प्रतीचा भूकंप झाला, कोयनानगर कोसळले आणि पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. गोव्यातही तो हादरा जाणवला. धरणाच्या आतील, प्रकाशाने लिहिणाऱ्या त्वरणलेखकावर गुरुत्वाच्या ०.६३ पट इतकी नोंद झाली. भूकंप पाण्यामुळे झाला की नाही, हा वाद लगेच उभा राहिला. हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांचे 'डॅम्स अँड अर्थक्वेक्स' हे पुस्तक १९७६ साली निघाले, आणि पाण्याचा संबंध आज जगभर मानला जातो. परंतु आरंभी प्रतिपक्षाकडे एक बिनतोड प्रश्न होता: धरणापूर्वी तेथे हादरे नव्हतेच कशावरून? खोऱ्यात तेव्हा यंत्र नव्हते. पुणे शंभरावर किलोमीटर दूर. नोंद नसणे आणि हादरा नसणे यांत केवढे अंतर आहे, हे त्या प्रश्नाने दाखविले.

दुसरा प्रश्न जागेचा. हादरा जलाशयाखाली की बाजूला, हे दोन प्रकारच्या लहरींच्या येण्यातील वेळेवरून ठरते. जवळच्या हादऱ्यात एका सेकंदाचा फरक म्हणजे सुमारे ८ किलोमीटर, आणि कागदावर एक सेकंद म्हणजे एक मिलिमीटर. सुईने ओढलेली रेघ अर्धा मिलिमीटर जाड झाली की ४ किलोमीटरांचा संशय शाईतच शिरला. टाकाची लांबी दहा टक्क्यांनी वाढली तर झोकेही तितकेच वाढतात. प्रतीच्या मोजणीत त्याने ०.०४ चाच फरक पडतो, तो सोसवतो; पण सुईच्या वजनाने यंत्राची स्वतःची चाल बदलते, ती सोसवत नाही. म्हणून घरगुती टाक लावल्यावर यंत्राची परीक्षा नव्याने घ्यावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच टाळले जाते.

हळर्णखालून वाहणारी शापोरा वरच्या अंगाला, दोडामार्ग तालुक्यात, तिळारी या नावाने धरणात अडते. महाराष्ट्र आणि गोवा यांचा तो संयुक्त प्रकल्प. सह्याद्रीत पाणी अडविले की कोयनेची आठवण निघतेच. आता शाईचे ड्रम बहुतेक ठिकाणी निवृत्त झाले असून नोंद आकड्यांत थेट साठते. मागे उरले ते कागदांचे गठ्ठे, वर्षाला ३६५ प्रमाणे. काही देशांत त्यांची छायाप्रत घेऊन जुन्या रेघांचे आकडे करण्याचे काम चालू आहे. ते करणारे आधी रेघेकडे पाहत नाहीत, कागदाच्या कडेकडे पाहतात. तेथे हाताने लिहिलेले असते: कागद लावल्याची वेळ, घड्याळाची चूक, आणि कधी कधी, 'रात्री २ ते ५ टाक कोरडा, सुई बदलली.' ही ओळ असली की त्या तीन तासांच्या कोऱ्या पट्टीला शांतता समजण्याची चूक होत नाही.