पोहण्याच्या तलावाची गाळणी : दर आणि तहान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि शहाजीराजांची बंगळूरची जहागीर अशा विषयांवर या व्यासपीठावरून विद्वानांची भाषणे झाली. त्यानंतर आम्ही पोहण्याच्या तलावाच्या गाळणीवर बोलावयास उभे राहावे, यात थोडा रसभंग आहे हे आम्ही जाणून आहो. परंतु विषय सभासदांनीच सुचविला आहे. सर्जापूर रस्त्यावर किंवा देवनहळ्ळीच्या बाजूला ज्यांनी अलीकडे स्वतंत्र घरे बांधली, त्यांपैकी काहींनी अंगणात लहानसा तलावही केला आहे. आमची सारी हयात सरकारी निविदांचे तुलनात्मक तक्ते तपासण्यात गेली असल्यामुळे त्यांची दरपत्रके साहजिकच आमच्याकडे आली. आम्ही अभियंते नव्हे, कलाशाखेचे पदवीधर आहो. म्हणून पुढील हिशेब अभियंता स्नेह्यांकडून तपासून घेतले आहेत.

प्रथम हे पाणी येते कोठून ते पाहू. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि त्याच्या कुशीत बारमाही नदी नाही. १८९४ साली हेसरघट्टा येथून आणि १९३३ पासून तिप्पगोंडनहळ्ळीहून अर्कावतीचे पाणी शहरात आले. तेही अपुरे पडू लागल्यावर १९७४ मध्ये कावेरी योजनेचा पहिला टप्पा पुरा झाला. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून येते आणि तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी व तातगुणी अशा तीन ठिकाणी पंपांनी उचलून एकूण सुमारे ५०० मीटर वर चढवावे लागते. हजार लिटर पाणी इतके उंच चढवावयास नुसत्या पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने सव्वा युनिटाहून अधिक वीज लागते. पंपांची आणि नळांची तूट धरली तर दोन युनिटांच्या आसपास. हा आकडा कृपया ध्यानात असू द्यावा, पुढे त्याचे काम पडेल.

२०२४ चा उन्हाळा आपणांपैकी कोणी विसरला नसेल. शहरातील सरकारी कूपनलिकांपैकी जवळजवळ निम्म्या आटल्याचे राज्यकर्त्यांनीच सांगितले होते. त्या मार्चमध्ये पाणीपुरवठा मंडळाने तलावांत पिण्याचे पाणी भरण्यास बंदी केली आणि मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठेवला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि शहराला दररोज ७७.५ कोटी लिटर जादा पाण्याची सोय झाली. तथापि ज्यांनी तो मार्च टँकरची वाट पाहत काढला, त्यांच्या अंगणातील तलावाकडे शेजारी कोणत्या दृष्टीने पाहत असतील, हे सांगावयास नको.

आता गाळणीकडे वळू. आपल्या आज्या गढूळ पाण्याच्या घागरीत निवळीचे बी उगाळीत किंवा तुरटी फिरवीत. गाळ खाली बसे आणि वरचे पाणी निवळे. तलावात पाणी सतत ढवळले जाते, त्यामुळे गाळ बसण्याची वाट पाहता येत नाही. मोटारीने पाणी ओढून, गाळून परत सोडावे लागते. मनुष्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. वाळूची गाळणी २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण धरते, कापडी घड्यांचे कार्ट्रिज १० ते २०, आणि डायटमी माती ३ ते ५. विक्रेते हे तीन आकडे मोठ्या अक्षरांत छापतात व तिसरे यंत्र तिप्पट-चौपट सरस असल्याचा भास निर्माण करतात. वस्तुतः रोगजंतू मारण्याचे काम या तिन्हींपैकी कोणाचेही नव्हे, ते क्लोरीनचे. आणि क्लोरीनही पाण्याचा पीएच साडेसातच्या आसपास असेल तरच नीट काम करते. तो आठवर गेला की त्याचा प्रभावी अंश निम्म्यावरून पाव-एक भागावर येतो. गाळणीचे काम पाणी नितळ ठेवण्याचे आणि क्लोरीनचा भार हलका करण्याचे, एवढेच.

वाळूची गाळणी तिघींत वडीलधारी. १८२९ मध्ये जेम्स सिम्सन या अभियंत्याने लंडनच्या चेल्सी जलपुरवठ्यासाठी वाळूचे गाळणकुंड बांधले. पुढे १८९२ मध्ये हँबुर्ग शहरात पटकीने आठ हजारांवर माणसे दगावली. पण त्याच एल्ब नदीचे पाणी वाळूतून गाळून पिणारे शेजारचे आल्टोना पुष्कळच बचावले. विक्रेते कधी कधी ही पुण्याई आपल्या पिंपाला चिकटवितात, ती मात्र खरी नव्हे. त्या कुंडातून पाणी अत्यंत संथ झिरपे आणि वाळूच्या पृष्ठावर जीवाणूंचा जो सजीव थर जमे, तोच पाणी शुद्ध करी. आपल्या तलावाच्या पिंपातून पाणी कित्येक पटींनी वेगात जाते. तेथे तसा थर जमत नाही आणि जमूही द्यावयाचा नसतो.

उदाहरणादाखल आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा तलाव धरू. त्यात ४०,००० लिटर पाणी मावते. सहा तासांत सर्व पाणी एकदा गाळले जावे अशी अपेक्षा ठेवली, तर दोन फूट व्यासाचे, सुमारे दीडशे किलो वाळूचे पिंप पुरते. वाळूत मळ साठत गेला की दाबमापकाचा काटा चढतो. स्वच्छ स्थितीतील दाबापेक्षा तो ८ ते १० पौंडांनी वर गेला म्हणजे पाण्याचा प्रवाह उलटा फिरवून वाळू धुवावी लागते. या उलट धुलाईला वाळू उचलून घुसळण्याइतका जोर हवा. पाच मिनिटांची धुलाई धरली तर सुमारे एक हजार लिटर पाणी गटारात जाते. आपल्याकडे बांधकामाची धूळ बारमाही, त्यातून तलावाची निगा ठेवणारा माणूस काटा न पाहता वाराच्या हिशेबाने दर आठवड्यास धुतो. वर्षाला ५० धुलाया म्हणजे ५०,००० लिटर. तलाव वर्षातून एकदा संपूर्ण ओतून टाकावा, त्याहूनही हे अधिक झाले! आणि प्रत्येक धुलाईबरोबर कावेरीचे पाणी चढविण्यास लागलेली ती दोन युनिटेही गेली.

तरीही वाळूचे गुण नाकारू नयेत. पिंप टिकाऊ, वाळू पाच-सात वर्षे चालते, ती कोणालाही बदलता येते. गढूळ पाण्यात तुरटी घातली तरी वाळू तो गोळा झालेला गाळ सोसते. कार्ट्रिज मात्र त्याने तासाभरात तुंबते. कूपनलिकेच्या जड पाण्यात वाळूचीही गत बरी होत नाही. चुन्याने तिचे गठ्ठे होतात, पाणी मधल्या भेगांतून न गाळताच निघून जाते, आणि दाबमापकाचा काटा मात्र सारे आलबेल असल्याचे सांगत राहतो.

कार्ट्रिज म्हणजे पॉलिएस्टर कापडाच्या बारीक घड्यांचा गोल नळकांडा. त्याची उलट धुलाई नसते. काढून, नळीखाली घड्या घड्या उलगडून धुवावा लागतो. त्यास शंभर-दोनशे लिटर पाणी पुरते, आणि कापडाचे क्षेत्र ऐसपैस घेतले असेल तर ही पाळी दीड-दोन महिन्यांतून एकदाच येते. वर्षाचा हिशेब दीड-दोन हजार लिटरांच्या आत बसतो. उणीव म्हणजे हाताला काम आहे. आणि नळकांडा दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो, जड पाण्यात त्याआधीच. चुना काढण्यासाठी सौम्य आम्लात भिजवावयाचा तर त्यापूर्वी अंगाचे तेल व मलम साबणद्रावणाने काढून घ्यावे. क्रम उलटला तर मळ कापडात कायमचा बसतो.

तिसऱ्या प्रकारावर वेळ घालविण्याचे कारण नाही. अतिसूक्ष्म शैवालांच्या शिळारूप कवचांची ही माती. दुसऱ्या महायुद्धात आमांशाचे क्लोरीनला दाद न देणारे कोष अडविण्यासाठी अमेरिकी सैन्याने तिच्या गाळण्या वापरल्या. पाणी आरशासारखे होते, हे खरे. परंतु प्रत्येक धुलाईनंतर नवी पूड घालावी लागते, तिची कोरडी धूळ फुप्फुसांना अपायकारक, आणि वापरलेली पूड गटारात सोडली तर गटार तुंबते. घरगुती तलावाला हा सोस कशाला?

आता पैसा. आम्ही पाहिलेल्या दरपत्रकांत वरील मापाचे वाळूचे पिंप झडपेसह पस्तीस ते चाळीस हजारांत बसत होते. त्याच तोलाचे कार्ट्रिज दीडपट ते दुप्पट. डायटमी मातीचे यंत्र त्याहूनही वर. सरकारी रिवाजाप्रमाणे सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करून फाईल बंद करता आली असती. वाया जाणाऱ्या पाण्याची किंमत धरली तरी निकाल बदलत नाही, आणि हीच या प्रकरणातील मेख आहे. २०२४ च्या मार्चमध्ये जिल्हा प्रशासनाने टँकरचे दर बांधून दिले, त्यात पाच किलोमीटरच्या आतील १२,००० लिटरच्या टँकरला कर सोडून १,००० रुपये ठरले. त्या दराने ५०,००० लिटरांचे चार-साडेचार हजारच होतात. कार्ट्रिजचा नवा नळकांडा त्याहून महाग पडू शकतो. म्हणजे पाणी उधळणारे यंत्र कागदावर स्वस्तच दिसत राहणार! जी वस्तू मार्चमध्ये पैसे टाकूनही मिळत नव्हती, तिचा भाव लावून केलेला तक्ता कितपत खरा मानावा?

विजेचा खर्च मात्र दरपत्रकात कोठेच नसतो. एक अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे एक युनिट घेते. दिवसाला आठ तास चालविली तर वर्षाला २,९०० युनिटे. सात रुपये दर धरला तर वीस हजार रुपये. दोन वर्षांत पिंपाची किंमत वसूल! मोटार निम्म्या वेगाने फिरविली तर शक्ती तत्त्वतः एक-अष्टमांश लागते; तितकेच पाणी गाळावयास वेळ दुप्पट, पण वीज चौथाई. व्यवहारात बचत थोडी कमी भरते, तरी मोठीच असते. कार्ट्रिजला उलट धुलाईचा जोर लागत नसल्याने तेथे संथ मोटार विशेष शोभते, आणि संथ पाणी अधिक चांगले गाळलेही जाते.

यास्तव आमचे मत असे, की ज्यांच्या घरी चार-सहा माणसेच पोहतात त्यांनी गरजेच्या दुप्पट क्षेत्राचे कार्ट्रिज आणि वेग बदलता येणारी मोटार घ्यावी. प्रारंभी पैसे अधिक जातील. गृहनिर्माण संस्थांच्या मोठ्या तलावांची गोष्ट निराळी. तेथे दिवसाला पन्नास मुले उतरतात, नळकांडे कोण धूत बसणार? त्यांनी वाळूच ठेवावी. परंतु धुलाईचे पाणी गटारात न सोडता टाकीत धरावे, दोन दिवस उघड्यावर राहू देऊन क्लोरीन उडाल्यावर झाडांना घालावे. ज्यांच्या घरी वाळूचे पिंप आधीच बसलेले आहे त्यांनीही ते काढून टाकण्याची घाई करू नये.

गाळणी कोणतीही असो, उघड्या तलावातून रोज चार-पाच मिलिमीटर पाणी उडून जाते. आपल्या उदाहरणातील तलावात ते वर्षाला पन्नास हजार लिटरांच्या घरात जाते, म्हणजे धुलाईइतकेच. पाऊस त्यातील काही परत देतो. रात्री आच्छादन घातले तर बरेच वाचते, पाचोळाही पडत नाही आणि गाळणीचे धुणे लांबते.

शेवटी दाबमापकाविषयी. तो काही शे रुपयांत मिळतो, आणि आम्ही पाहिलेल्या तलावांपैकी निम्म्यांवर तो बंद पडलेला किंवा मुळीच नव्हता. नवा बसवावा, गाळणी धुऊन झाल्यावर काटा जेथे स्थिरावेल तो आकडा पिंपावरच रंगाने लिहावा, आणि निगा ठेवणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत, कन्नडमध्ये, सांगावे की त्याहून आठाने काटा चढल्याखेरीज झडपेला हात लावावयाचा नाही.