हे नक्की काय आहे?



सकाळपासून निदान पंधराजणांनी मला मागच्या कंपाउंडजवळ ओढत नेऊन एकच विचारलं, "अरे, हे नक्की काय आहे?" एकजण म्हणाला जहाज, एकजण म्हणाली उघडलेलं पुस्तक. आपल्या गणिताच्या सरांनी 'महिरपी कंस' असं निदान केलं. मित्रांनो, त्या वाकवलेल्या दोन प्लेटा आहेत. बारा एमएम जाडीच्या, सात फूट उंच, आठ फूट लांब, दोन्ही मिळून साधारण एक टन. त्याच्यापलीकडं ते काय आहे हे मलाही सांगता येत नाही. पण असलं काही करायचं खूळ कुठून आलं, ते सांगतो.

वडिलांचं उद्यमनगरातलं वर्कशॉप तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. उसाच्या ट्रॉल्या बनायच्या. वेल्डिंगकडं उघड्या डोळ्यांनी बघून रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालेले निम्मे इथंच बसलेत. पुढं मी मुंबईला शिल्पकला शिकायला गेलो आणि तिथं एका पुस्तकात रिचर्ड सेरा भेटला.

हा अमेरिकन माणूस, जन्म 1938 चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. वडील जहाजाच्या कारखान्यात पाइप फिटर. चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला जहाज पाण्यात सोडताना दाखवलं. जमिनीवरचं ते अवजड धूड पाण्यात शिरलं आणि तरंगायला लागलं. आपल्याला लागणारा सगळा कच्चा माल त्या एका आठवणीत होता, असं तो पुढं सांगायचा. कॉलेजच्या खर्चासाठी पोलादाच्या कारखान्यांत राबला. फिटरचा पोरगा हे करतो म्हटल्यावर ट्रॉलीवाल्याच्या पोराला हुरूप येणारच की.

त्याचं मोठं काम मी स्पेनमध्ये बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयात पाहिलं. एकशेतीस मीटर लांबीच्या दालनात आठ शिल्पं आहेत, 2005 पासून कायमची. डोक्याच्या दुपटीहून उंच प्लेटांमधून आपण चालायचं. वाट अरुंद होते, भिंत अंगावर कलते, पुन्हा बाहेर कलते. मला गरगरलं. पण खरं सांगू का, पहिला अर्धा तास मी खाली वाकून वेल्डिंग शोधत होतो. वेल्डिंग नाही, बोल्ट नाही. प्लेट स्वतःच्या वजनावर आणि वळणावर उभी! वडील असते तर पहिल्यांदा त्यांनी तिला ढकलून बघितलं असतं.

आता याच माणसाची दुसरी गोष्ट. 1981 साली न्यूयॉर्कमध्ये सरकारी कचेऱ्यांच्या चौकात त्यानं एकशेवीस फूट लांब, बारा फूट उंच अशी कललेली पोलादी भिंत उभी केली, नाव 'टिल्टेड आर्क'. रोज तो चौक ओलांडणारे कर्मचारी वैतागले. 1985 मध्ये जाहीर सुनावणी झाली. एकशेबावीस लोक शिल्पाच्या बाजूनं बोलले, अठ्ठावन्न विरुद्ध. तरी ते हलवायचं ठरलं. सेरा कोर्टात गेला आणि हरला. हे त्या जागेसाठीच केलंय, इथून हलवणं म्हणजे मोडणं, हे त्याचं म्हणणं होतं. मार्च 1989 मध्ये रात्रीच्या वेळी ते कापून नेलं.

मी वर्षानुवर्षं त्या कर्मचाऱ्यांना अडाणी समजत आलो. मग माझीच पाळी आली. एका गावात चौकात माझं अकरा फुटी शिल्प बसलं. उद्घाटन, हार, भाषणं, सगळं झालं. तीन वर्षांनी गॅस कटरनं कापलं आणि किलोच्या भावानं भंगारात घातलं. मी तिथं तणतणत गेलो. बाजूला भाजी विकणारी एक मावशी म्हणाली, "दादा, तुमचं ते चांगलंच असंल. पण माझी पाटी तिथंच असायची. तवा मला इचारलं व्हतं का कुणी?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर दीड वर्ष मी काम केलं नाही. ट्रॉल्या केल्या.

म्हणून आपल्या कमिटीनं शाळेसाठी शिल्प मागितलं तेव्हा मी आधी जागा बघायला आलो. कमिटीला ते मैदानाच्या मधोमध हवं होतं, फोटो चांगले येतात म्हणून. मी तीन दिवस मधल्या सुट्टीत कडुलिंबाखाली उभा राहिलो. घंटा झाली की पोरं सरळ रेषेत पाण्याच्या टाकीकडं पळतात, आपण पळायचो तशीच. ती वाट मोडायची नाही म्हणून कंपाउंडजवळचा कोपरा धरला. दोन प्लेटांमधली फट मुद्दाम एवढी ठेवलीय की सातवीतलं पोरगं आरपार जाईल आणि पाठलाग करणारे शिक्षक अडकतील. सेरासारखं नुसतं वजनावर उभं करायची हिंमत माझ्यात नाही. 1971 मध्ये त्याचं एक शिल्प उभारताना एका कामगाराचा जीव गेला होता. ही शाळा आहे. खाली काँक्रीट आणि बोल्ट आहेत, सगळ्या कडा ग्राइंडरनं गोल केल्यात.

रंग का दिला नाही, असंही विचारलं गेलं. हे कॉर्टेन जातीचं पोलाद, रेल्वेच्या डब्यांना वापरतात ते. त्यात थोडं तांबं, क्रोमियम असतं. भिजत-वाळत त्यावर गंजाचा घट्ट थर धरतो आणि तोच आतलं लोखंड राखतो. अजून एकच पावसाळा झालाय, तेव्हा फोटोसाठी टेकून उभे राहू नका. पांढऱ्या शर्टवाल्यांची जबाबदारी माझ्यावर नाही.

आपल्या ड्रॉईंगच्या सरांना गुडघ्यांमुळं अजून तिथवर जाता आलेलं नाही. सर, चहा झाला की मी तुम्हाला हात धरून नेतो. फटीतून जमायचं नाही, आपण बाजूनं वळसा घालू. आणि मार्क कमी पडले तर या सगळ्यांसमोर सांगू नका.