बोनस की ओवाळणी?



दिवाळी पंधरा दिवसांवर आली. कामाच्या बाईंना काय द्यायचं, ही चर्चा आपल्या जिन्याजिन्यांतून सुरू झाली असेल. माझ्यापासूनच सुरुवात करते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या मावशींना मी साडी दिली, चिवडा-लाडवांचा पुडा दिला, आणि मनातून फार खूश होते. त्यांनी पदर उलगडून पाहिला. म्हणाल्या, "चांगली आहे ताई. पण चार घरच्या चार साड्या झाल्या. पोरीची फी तेवढी राहिलीय." खरं सांगते, मला रागच आला. लाज वाटायला रात्र उजाडावी लागली.

दिवाळीत त्यांचं काम किती वाढतं बघा. माळे, पंखे, डबे, पितळेची भांडी, फराळाच्या तेलकट कढया, पाहुण्यांची ताटं. कारखान्यात याला ओव्हरटाइम म्हणतात. आपण म्हणतो, घरचंच तर आहे!

गिरण्यांतही हीच भाषा होती. 1924 साली मुंबईचे गिरणी कामगार बोनससाठी संपावर गेले, तेव्हा सरकारी समितीने बोनसवर त्यांचा हक्कच नाही असं सांगितलं. 1965 च्या कायद्याने तो हक्क झाला. वर्षाच्या पगाराच्या किमान 8.33 टक्के, म्हणजे ढोबळमानाने एक पगार. 2019 च्या वेतन संहितेतही प्रमाण तेच. पण तिथे आस्थापनेत वीस कामगार हवेत. आपलं घर त्यात कुठून बसणार? 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली. एक पगार बोनस देण्याची जी चाल आज अनेक घरांत आहे, तिच्यामागे अशा बायकांचं बोलणं-भांडणं आहे.

तुम्ही म्हणाल, आमचाच पगार बेताचा. कबूल. पण महिना अठराशे देत असाल तर दरमहा दीडशे बाजूला टाका, दिवाळीला एक पगार जमतो. सहा महिनेच झालेल्या बाईला अर्धा द्या. आजारपणाचे खाडे त्यातून कापू नका, उचल परस्पर वळती करू नका. आणि वसुबारसेच्या आधी द्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हातात आलेल्या पैशांनी बाजार कधी करायचा? भाऊबीजेची सुट्टी तर न मागता द्यावी.

त्यानंतरच्या दिवाळीला मी मावशींच्या हातात पूर्ण पगाराचं पाकीट ठेवलं. त्यांनी माझ्यासमोरच मोजलं, कनवटीला लावलं आणि विचारलं, "आणि साडी?"

तीही दिली.