उशाशी कोण बसणार?



मी भूल देणारा डॉक्टर. बत्तीस वर्षं पेशंटच्या उशाशी बसून त्याचा श्वास सांभाळला, एवढाच माझा अधिकार. मेलबर्नमधल्या एका भांडणाबद्दल आज बोलणार आहे, तेही त्या उशापाशी बसूनच.

रिचमंड हा मेलबर्नचा जुना, दाटीचा भाग. तिथली व्हिक्टोरिया स्ट्रीट व्हिएतनामी खाणावळींसाठी प्रसिद्ध आणि हेरॉइनच्या बाजारासाठी बदनाम. २०१६ साली या रस्त्यावरच्या एका खाद्यगृहाच्या स्वच्छतागृहात हेरॉइनने एक बाई मरण पावली. वय ३४, दोन मुलांची आई. अशा मृत्यूंची चौकशी तिथे कोरोनर करतो. कोरोनर जॅकी हॉकिन्स यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये शिफारस केली, की लोकांना देखरेखीखाली सुई टोचून घेता येईल अशी खोली या भागात प्रायोगिक तत्त्वावर उघडावी. आधी नकार देणारं सरकार त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर तयार झालं. ३० जून २०१८ रोजी लेनॉक्स स्ट्रीटवरच्या आरोग्य केंद्रात ती खोली उघडली. नव्या सुया देण्याचं काम ते केंद्र आधीपासून करत होतं, म्हणून तीच जागा ठरली. आणि शेजारी, अगदी लागून, प्राथमिक शाळा.

आत्ता तुमच्या चेहऱ्यांवर जे उमटलं, तेच तिथल्या आईबापांच्याही चेहऱ्यांवर उमटलं होतं.

त्या खोलीत होतं काय? माणूस आपला माल बाहेरून घेऊन येतो. केंद्र त्याला नशा देत नाही आणि टोचूनही देत नाही. नवी सुई, नवी सिरिंज, बसायला जागा देतं. टोचून झाल्यावर परिचारिका त्याच्याकडे बघत राहते. बस्स, बघत राहते. या बघण्याचं मोल मला ठाऊक आहे. मॉर्फिन, फेन्टानिल ही हेरॉइनचीच भावंडं मी जन्मभर पेशंटच्या शिरेत सोडत आलो. श्वास मंदावतो, मिनिटाला बाराचे आठ होतात, आठाचे चार. मी हनुवटी वर उचलतो, मास्क लावून ऑक्सिजन देतो, लागलं तर नॅलॉक्सोन, म्हणजे या औषधांचा उतारा, टोचतो. दोन-तीन मिनिटांत पेशंट डोळे उघडतो. औषध तेच, शरीर तेच. माझा पेशंट जगतो, कारण त्याच्याजवळ कोणीतरी बसलेलं असतं.

हेरॉइनचा डोस जास्त झालेला माणूस तडफडत नाही. तो घोरतो. खोल, घरघरणारं, मध्येच तुटणारं घोरणं. येणारे-जाणारे म्हणतात, झोपलाय, झोपू दे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मुंबईत शिकत असताना रेल्वेच्या पुलाखाली असा एक मुलगा मी पाहिला. ओठ निळसर होते. ते घोरणं मी ऐकलं, आणि लोकल पकडायला पुढे गेलो. तेव्हा मला भूलशास्त्रातलं काही येत नव्हतं, पण खरं कारण ते नव्हे. तो ‘गर्दुल्ला’ होता, म्हणून मी थांबलो नाही. गर्द हा शब्द अनिल अवचटांच्या लेखनामुळे घराघरांत पोचला होता, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं होतं. पण मुक्तांगणात पोचायला माणूस त्या दिवसापर्यंत जिवंत तर राहायला हवा! आपल्याकडे आज सुया बदलून देतात, हेरॉइनऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात. उशाशी बसणारी खोली मात्र नाही.

म्हणून माझं मत आहे की रिचमंडची खोली हवी होती. पहिल्या अठरा महिन्यांत तिथे १,१९,२२३ भेटी झाल्या. सरकारने नेमलेल्या समितीने २०२० साली निष्कर्ष काढला, की तेवढ्या काळात किमान २१ ते २७ जीव वाचले. २०२३ च्या दुसऱ्या आढाव्यात हा आकडा ६३ पर्यंत गेला, आणि खोली कायमची झाली.

पण त्याच २०२० च्या अहवालात दुसरंही लिहिलं होतं. आसपासच्या रहिवाशांना रस्त्यावर पूर्वीपेक्षा कमी सुरक्षित वाटत होतं. शाळेत जाणाऱ्या मुलाचा हात धरून फुटपाथवरची सुई चुकवणारी आई, तिला ‘तुला माणुसकी नाही’ असं कोणी ऐकवू नये. अशी खोली हवी म्हणून मोहीम उभारणारेही त्याच वस्तीतले होते, हे विसरू नका. गल्लीत, आपल्या दाराशी निपचित पडलेली माणसं पाहून ते हलले होते. दोघांनीही एकच दृश्य पाहिलं होतं, आणि दोघांनाही ते पुन्हा पाहायचं नव्हतं.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. पन्नास लाखांच्या शहरात अशी एकच खोली. साहजिकच सगळा भार लेनॉक्स स्ट्रीटवर. शहराच्या मध्यवस्तीत दुसरी खोली काढा, म्हणजे हा भार वाटला जाईल, असं समितीने सांगितलं, सरकारने मान्यही केलं. मग जागेचा शोध सुरू झाला. जिथे जिथे नाव निघालं तिथे व्यापारी, रहिवासी उठले. इथे नको. ही जागा योग्य नाही. खोली असावी, पण आमच्या रस्त्यावर नसावी. जवळपास चार वर्षं हे चाललं. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने दुसऱ्या खोलीचा विचारच सोडून दिला.

शाळकरी मुलांच्या त्या आयांची तक्रार याच क्षणी खरी ठरली, आणि तिचं उत्तर खोली बंद करणं हे नव्हतं. शहरातल्या इतर वस्त्यांनी आपापला वाटा उचलायचा होता. तो त्यांनी उचलला नाही. खोलीत सुई टोचून घेणारा आजही लेनॉक्स स्ट्रीटवरच येतो, आणि शाळेची घंटाही तिथेच वाजते.