धातूची शीर व पाठीवरचें ओझें



संगणकाच्या पडद्यावर खेळावयाचे जे कल्पित साहसांचे खेळ आज घरोघरीं पोंचले आहेत, त्यांत ‘दि एल्डर स्क्रोल्स’ या मालिकेंतील पांचवा खेळ ‘स्कायरिम’ हा विशेष लोकप्रिय आहे. बेथेस्डा गेम स्टुडिओज या अमेरिकन संस्थेनें तयार केलेला हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजीं प्रसिद्ध झाला. बर्फाच्छादित डोंगरांचा एक सबंध प्रांतच त्यांत खेळाडूच्या स्वाधीन केलेला असतो. शिरच्छेदासाठीं नेला जाणारा एक बंदी ड्रॅगनच्या आकस्मिक हल्ल्यामुळें वांचतो, आणि तेथून पुढें त्यानें कोठें जावें व काय करावें हें सर्वस्वीं खेळणाऱ्यावर सोंपविलेलें असतें. असा हा बंदी निष्कांचन असतो. म्हणून पुष्कळ खेळाडू लौकरच खाणींकडे वळतात. कारण चांगलें शस्त्र विकत घेण्यास द्रव्य लागतें, पण घडविण्यास धातु आणि थोडें कसब असलें म्हणजे भागतें.

हेल्गेनहून रिव्हरवुड गांवाकडे उतरतांना वाटेंतच एम्बरशार्ड नांवाची खाण लागते. लुटारूंनीं ती बळकावलेली आहे. त्यांचा समाचार घेतल्यावर आंतील लोखंडाच्या शिरा मोकळ्या होतात. शिरेसमोर उभें राहून खोदण्याची आज्ञा दिली म्हणजे पडद्यावरील पात्र संथपणें कुदळ उचलतें व संथपणें मारतें. हा देखावा दोन वेळां पाहण्यास बरा, विसाव्या वेळीं कंटाळवाणा. त्याऐवजीं कुदळ शस्त्रासारखी हातांत धरून शिरेवर वार केले, तर तेंच काम पुष्कळ लौकर उरकतें. दोन्ही हातांत दोन कुदळी असतील तर त्याहूनहि लौकर. एका शिरेंतून साधारणतः खनिजाचे तीन तुकडे निघतात, दैव अनुकूल असेल तर एखादें रत्नहि मिळतें, आणि मग ती शीर रिकामी होते.

येथवरची युक्ति बहुतेकांना ठाऊक असते, आणि खाणकामांतील सारी काटकसर येथेंच संपली असा त्यांचा समज होतो. वास्तविक खरा खर्च कुदळ खालीं ठेवल्यानंतर सुरू होतो.

पात्राची ओझें वाहण्याची शक्ति आरंभीं ३०० एककें असते. खनिजाचा प्रत्येक तुकडा, मग तो लोखंडाचा असो वा सोन्याचा, एका एककाचा. कुदळ १० एककांची. अंगावरील चिलखत, ढाल, तरवार, लुटारूंकडून उचललेलीं हत्यारें हें सारें त्याच मर्यादेंत बसवावें लागतें. मर्यादा ओलांडली कीं पात्राला धांवतां येत नाहीं, आणि नकाशावर खूण करून दूरच्या गांवीं एकदम पोंचण्याची सोयहि बंद पडते. मग डोंगरवाट गोगलगाईच्या गतीनें तुडवीत जाणें नशिबीं येतें. आतां किंमतींकडे पाहावें. लोखंडाच्या खनिजाची मूळ किंमत २ सुवर्णनाणीं, चांदीच्या खनिजाची १०, सोन्याच्या ५० आणि एबनी नांवाच्या काळ्या धातूच्या खनिजाची ६०. म्हणजे लोखंडाचे तीस तुकडे वाहून जें मूल्य येतें, तें एबनीच्या एका तुकड्यांत सांठविलेलें आहे. आणि दुकानदार मूळ किंमतीपेक्षां कमीच देतो, तें निराळें. केवळ विक्रीसाठीं लोखंड वाहणें म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! भट्टींत मात्र याच लोखंडाला मोल चढतें. लोखंडाच्या एका तुकड्याची एक लगड होते, आणि लोखंडाचा एक व कोरंडमचा एक तुकडा मिळून पोलादाची एक लगड. चांदी, सोनें व एबनी यांना मात्र एका लगडीसाठीं दोन तुकडे लागतात. लगडीचें वजनहि एकच एकक असल्यामुळें भट्टी गांठतांच या धातूंचें ओझें निम्मे होतें. एबनीच्या दोन तुकड्यांची किंमत १२०, तर त्यांच्या लगडीची १५०.

म्हणून खाण निवडण्यापूर्वीं भट्टी कोठें आहे हें पाहावें. व्हाइटरन शहरांत ‘वॉरमेडन्स’ या लोहारशाळेजवळ भट्टी आहे, आणि शेजारींच ५००० नाण्यांस मिळणारें एक लहानसें घर. त्या घरांतील पेटींत ठेवलेला माल सुरक्षित राहतो. रानावनांतील पेट्यांचा भरंवसा धरूं नये. त्या कालांतरानें आपोआप पूर्वस्थितीवर येतात आणि ठेवलेला माल नाहींसा होतो. त्याच शहरीं पुढें लिडिया नांवाची सेविका लाभते, ती उरलेलें ओझें उचलते. फारशी खूष होऊन उचलते असें नाहीं.

व्हाइटरनच्या उत्तरेस हॉल्टेड स्ट्रीम नांवाचा लुटारूंचा तळ आहे. तेथील खाणींत लोखंड तर आहेच, शिवाय खनिजाचें रूपांतर करणाऱ्या मंत्राची पोथीहि तेथेंच सांपडते. या मंत्रानें लोखंडाच्या खनिजाची चांदी व चांदीच्या खनिजाची सोनें होते. वजन तेंच, किंमत मात्र दोनांवरून पन्नासांवर! मंत्र खनिजालाच लागू पडतो, लगडीला नाहीं, ही गोष्ट विसरून जो अगोदर भट्टी पेटवितो त्याला हात चोळीत बसावें लागतें. नवख्या पात्राची बहुतेक मांत्रिक शक्ति एकाच प्रयोगांत खर्च होते, त्यामुळें सोन्याचा हा कारखाना हळूहळूच चालतो.

मार्कार्थ शहरांतील सिध्ना ही चांदीची खाण निराळी. ती तुरुंगच आहे. तेथें कैदी खोदतात व चांदी सिल्व्हर-ब्लड घराण्याची होते. कथानकाच्या ओघांत खेळाडूच तेथें डांबला जातो, तेव्हां त्याच्या जवळचें सर्व सामान काढून घेतलेलें असतें, आणि आजवर हौसेनें केलेलें काम त्याला तेथें शिक्षा म्हणून समोर दिसतें. खेळाच्या रचनाकारांचें हें चातुर्य दाद देण्याजोगें आहे.

रिकाम्या शिरा पुनः भरण्यास अवधि लागतो: सामान्यतः खेळांतील १० दिवस, आणि शत्रूंचा पुरता निःपात करून ‘साफ’ ठरलेल्या ठिकाणीं ३० दिवस. मध्येंच कोणी डोकावून आला, तर मोजणी पुनः पहिल्यापासून. खेळांतला एक दिवस आपल्या घड्याळाचीं ७२ मिनिटें घेतो, म्हणजे ३० दिवसांना ३६ तास होतात. एका वेळीं २४ तासांपर्यंत वाट पाहण्याची सोय आहे. ती वापरून कोणी खाणीबाहेर महिनाभर बसून राहील, तर त्याचा वेळ वांचेल, पण खेळ मात्र हातचा जाईल. त्यापेक्षां या अवधींत शॉर्स स्टोनजवळच्या रेडबेली खाणींतील कोळी हांकून तेथील एबनी काढावी, नार्झुलबुरच्या ग्लूमबाउंड खाणीकडे वळावें, किंवा कुदळ घरीं ठेवून भलत्याच साहसावर निघावें. परत येईपर्यंत एम्बरशार्डच्या शिरा भरलेल्या असतात. लुटारूहि पुनः येऊन बसलेले असतात.